उन्हाळ्यातील हिरवळ कोणाच्या पाण्यावर?

अहिल्यानगर शहराच्या सावेडी उपनगरात किंवा मनमाड रस्त्यालगतच्या नव्या वसाहतींत एप्रिलच्या दुपारी फेरफटका मारला, तर एक दृश्य हमखास नजरेस पडते. टुमदार बंगला, दारावर ‘श्रमसाफल्य’ किंवा ‘कृतार्थ’ अशी सुरेख अक्षरांतील पाटी, कोपऱ्यात तुळशीवृंदावन आणि पुढे गालिचा अंथरावा तशी हिरवळ. त्या हिरवळीवर एक रबरी नळी पडलेली असते आणि तिच्या तोंडातून पाणी वाहत असते. घरातील मंडळी जेवून वामकुक्षीसाठी आत गेलेली असतात. हिरवळीची तहान भागते, वाफा भरतो, पाणी काठावरून ओसंडते, फाटकाखालून रस्त्यावर येते आणि डांबरावर पसरून पाहता पाहता वाळून जाते. टंचाईच्या वर्षी याच वेळी त्याच जिल्ह्यातील पारनेर-पाथर्डीकडच्या एखाद्या वस्तीवर टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागलेली असते.

हे कुटुंब बेफिकीर नसते, हे येथे आवर्जून नमूद करावयास हवे. या घरात ताटात अन्न टाकलेले चालत नाही. दात घासताना नळ बंद ठेवावा, हे नातवंडांना शिकविले जाते. गणेशोत्सवात पर्यावरणपूरक मूर्ती आणली जाते. मग बागेच्या बाबतीतच हात एवढा सैल का सुटतो? कारण झाडाला पाणी घालणे हे आपल्या संस्कारात पुण्यकर्म आहे. तहानलेल्याला पाणी पाजावे, वैशाखात उदककुंभाचे दान करावे, वड-पिंपळाला जलसिंचन करावे, या संस्कारात वाढलेल्या मनाला बागेत वाहणारे पाणी कधी अपव्यय वाटतच नाही. पुण्याचे माप कोण काढणार? माप न काढल्यामुळेच घोटाळा झाला आहे.

हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. नगरच्या कोरड्या, वाऱ्याच्या उन्हाळ्यात हिरवळ टवटवीत ठेवायची तर तिला ढोबळमानाने दिवसाला सहा मिलिमीटर पाणी लागते. पाचशे चौरस फुटांची हिरवळ म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. तिला रोज पावणेतीनशे लिटर पाणी हवे. शहरातील माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, हा देशात मान्य झालेला नागरी मापदंड आहे. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी ५५ लिटरांचे माप धरले आहे. म्हणजे अंगणातील गवताचा एक तुकडा शहरातील दोन किंवा खेड्यातील पाच माणसांचे पाणी रोज पितो. आणि हे पाणी अगदी मोजून दिले तर! नळी मोकळी सोडली की मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज जाते. अर्ध्या तासात साडेतीनशे लिटर. कोणालाही खात्री करून घ्यावयाची असेल, तर पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ एवढे साहित्य पुरेसे आहे.

पैसा ‘पाण्यासारखा’ खर्च केला, असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार बहुधा कोकणात जन्मला असावा. पर्जन्यछायेतल्या नगरी माणसाने तो घडविला असणे शक्य नाही.

या जिल्ह्याची रचनाच मोठी विलक्षण आहे. पश्चिमेकडे अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडी, हरिश्चंद्रगड या पट्ट्यात पावसाळ्यात ढग अक्षरशः फुटतात. काही हजार मिलिमीटर पाऊस तेथे कोसळतो. तेथून पूर्वेकडे यावे तसे आभाळ आखडते आणि नगर, पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जत या भागांत वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो; वाईट वर्षी त्याच्या निम्म्यावर. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून घराघरांत आहे. पश्चिमेचे पाणी अडवून पूर्वेची तहान भागवावी, याच विचाराने प्रवरेवर भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये उभे राहिले आणि पुढे राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा धरण झाले. २६ टीएमसी साठवणक्षमतेच्या या जलाशयाला ज्ञानेश्वर सागर असे समर्पक नाव आहे. अहिल्यानगर शहर याच धरणाचे पाणी पिते. मुळानगरहून ते उपसले जाते, विळद येथे पुन्हा उचलले जाते, शुद्ध होते आणि मग वसंत टेकडीवरील टाक्यांतून गावात उतरते. वाटेत विजेचे पंप, तुरटी, क्लोरीन आणि माणसांचे श्रम खर्ची पडतात. इतक्या सायासाने आलेले पिण्याचे पाणी वर्षानुवर्षे शहराच्या अनेक भागांना एक दिवसाआड मिळत आले आहे. हेच पाणी हिरवळीवर पडते आणि गवताला क्लोरीनची काही गरज नसते.

मुळेच्या पाण्यावर हक्क सांगणारे तरी किती! राहुरी, नेवासे, शेवगाव, पाथर्डीच्या शेतकऱ्याचे आवर्तन त्यावर आहे, शहर आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि खाली जायकवाडीवर विसंबलेला मराठवाडा आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला. खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे, हे तत्त्व त्यातून पुढे आले आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्यात आले, तेव्हा जिल्ह्यात केवढा क्षोभ उसळला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. ‘आमच्या हक्काचे पाणी’ हे शब्द तेव्हा प्रत्येकाच्या ओठी होते. हक्क सांगावा, त्यात गैर काही नाही. परंतु ज्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरायचे, तेच पाणी फाटकाखालून रस्त्यावर सोडायचे, यातली विसंगती तरी ध्यानी यावयास हवी.

महाराष्ट्राने हिरवळीचा खटला एकदा उच्च न्यायालयात पाहिला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, त्याच दिवसांत राज्यात आयपीएलचे क्रिकेट सामने रंगणार होते. मैदाने हिरवी ठेवण्यासाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागणार, असे याचिकेत मांडण्यात आले आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश न्यायालयाने दिला. मध्यमवर्गीय दिवाणखान्यांतून या निर्णयाचे स्वागत झाले आणि ते योग्यही होते. आता वरच्या हिशेबाकडे पुन्हा पाहावे. पाचशे चौरस फुटांची एक हिरवळ उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत २७-२८ हजार लिटर पाणी पिते. अशा सव्वादोनशे हिरवळी एकत्र केल्या की ते ६० लाख लिटर भरतात. एखाद्या मध्यम शहराच्या दोन-तीन वसाहतींत तेवढ्या सहज सापडतील. फरक इतकाच की, त्यांच्याविरुद्ध याचिका दाखल होत नाही.

बागेला विरोध नव्हे

एवढे वाचून कोणी बाग उखडून टाकून अंगणात फरशी बसविण्याच्या विचारात असेल, तर त्याने थांबावे. तो उपाय रोगापेक्षा वाईट आहे. फरशीचे अंगण दुपारी तापते, रात्री उशिरापर्यंत धगधगते, पावसाचे पाणी जमिनीत मुरू देत नाही आणि शिवाय ते धुवायला पुन्हा नळी लागतेच! पूर्वी अंगणात सडा घातला जाई, तो तांब्या-दोन तांब्यांत. आता सिमेंटचे अंगण आणि दारातील मोटार धुण्यासाठी सकाळी जितके पाणी जाते, तितक्यात चांगली परसबाग पोसता येईल.

नगरला बागांचे वावडे कधीच नव्हते. निजामशाहीच्या काळात या शहराला भोवतालच्या गावांतून, कापूरवाडी-वडगावकडून, जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणले होते. उताराचा अचूक अंदाज घेऊन, कोणत्याही यंत्राविना ते शहरात खेळविले जाई. १५८३ च्या सुमारास पूर्ण झालेला फराहबाग महाल भर तलावात उभा आहे, तोही अशाच पाण्याच्या बळावर. सुलतानाच्या करमणुकीसाठी केलेला हा खटाटोप होता. त्याच्या स्थापत्याचे कौतुक करताना तेही विसरू नये. मात्र त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. देखभाल संपली, नळ निकामी झाले आणि बागही गेली; भिंती तेवढ्या उरल्या. आणलेल्या पाण्यावरची बाग पाणी आणणारी व्यवस्था असेतोवरच टिकते.

नगरच्या मातीबद्दलही एक नोंद आहे. १९४२ ते १९४५ या काळात भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असलेल्या पंडित नेहरूंनी तेथेच लिहिलेल्या आपल्या ग्रंथात बागकामाचा उल्लेख केला आहे. माती निकस, दगडधोंड्यांनी व जुन्या बांधकामांच्या ढिगाऱ्यांनी भरलेली असल्याचे त्यांनी म्हटले आहे. नेहरूंच्या इतर मतांशी कोणाचे कितीही मतभेद असोत, हे निरीक्षण आजच्या बंगल्यांनाही तंतोतंत लागू पडते. प्लॉटवर मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा पसरून सपाटी करतात, वर सहा इंच लाल माती टाकतात आणि तिच्यावर गवताचे तयार तुकडे अंथरतात. अशा जमिनीत पाणी ठरत नाही, चाळणीतून जावे तसे खाली जाते. मग गवत पिवळे पडते, घरधनी आणखी पाणी सोडतो आणि माळी युरियाची मूठ टाकतो. पाण्याआधी मातीची सेवा करावी लागते. शेणखत, गांडूळखत, कुजलेला पालापाचोळा मातीत मिसळला की तीच जमीन पाणी धरून ठेवू लागते. काळी माती लाभली असेल तर प्रश्न उलटा असतो. ती पाणी पुष्कळ धरते, पण सावकाश पिते. घाईने सोडलेले पाणी वरून वाहून जाते.

मुळात ही मऊ गालिच्यासारखी हिरवळ कोठून आली? ज्या इंग्लंडात बारा महिने रिमझिम असते आणि सूर्य अपवादाने दिसतो, तेथे गवत आपसूक हिरवे राहते. तेथील जमीनदारांनी त्याची शोभा मांडली. साहेबाबरोबर ती हिंदुस्थानातील बंगल्यात, क्लबात आणि छावणीत आली. साहेब गेला, हिरवळ राहिली आणि प्रतिष्ठेचे लक्षण होऊन बसली. अमेरिकेतही हाच प्रकार घडला. वाळवंटातील लास वेगासने गवत जोपासले. आता मात्र तेथील जलप्राधिकरण गवत काढणाऱ्याला पैसे मोजते. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा करून त्या भागातील निव्वळ शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोराडो नदीचे पाणी देण्यास मनाई केली. त्या कायद्याने घरगुती हिरवळी वगळल्या आहेत, हे खरे. पण रस्त्याकडेच्या आणि कार्यालयांपुढच्या गवताची चैन त्या धनाढ्य देशालाही परवडेनाशी झाली, एवढे त्यातून नक्कीच दिसते.

आपल्याकडे गवत नव्हते असे नाही. गणरायाला वाहिली जाणारी दूर्वा म्हणजेच हरळी. या दख्खनच्या उन्हात तगून राहिलेले हे गवत आहे. तिची मुळे आणि जमिनीखालची कांडी खोल असतात. उन्हाळ्यात वरची पाती वाळतात, तपकिरी होतात. लोक म्हणतात, गवत मेले. मृगाची पहिली सर पडली की आठवड्याभरात तीच जमीन पुन्हा हिरवी होते. शेतकरी हरळीला वैतागतो तो तिच्या याच चिवटपणामुळे. ज्याला अंगणात गवत हवेच असेल, त्याने नाजूक परदेशी गवताऐवजी हरळी लावावी, मुलांना खेळण्यापुरती लावावी आणि चैत्र-वैशाखात तिला सुकू द्यावे. पंधरवड्यातून एकदा ओल दिली, तरी ती जीव धरून राहते. उन्हाळ्यात जमीन उन्हाळ्यासारखी दिसली, तर त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

उरलेल्या जागेत काय लावावे, याची यादी आजीला विचारली तरी मिळेल. तगर, कण्हेर, जास्वंद, पारिजातक, मोगरा ही पूजेची फुले. कढीपत्ता, शेवगा, गवती चहा, कोरफड ही घरात उपयोगी पडणारी झाडे. यांपैकी कण्हेर आणि शेवगा तर एकदा रुजले की पाण्यासाठी तोंड वेंगाडत नाहीत. तुळस पाण्याअभावी जितकी मरते, त्याहून अधिक ती अतिपाण्याने मरते. घरातील प्रत्येकजण श्रद्धेने तांब्या ओततो आणि कुंडीच्या तळाशी मुळे कुजतात.

पाणी कसे द्यावे

झाडाला पाणी मुळाशी हवे असते, तेही मुळे जेथे असतात तेथे. साधी गोष्ट आहे. पण बहुतेक बागांत पाणी पानांवर, वाटेवर आणि भिंतीवर पडते. दुपारी कारंज्यासारखे उडविलेले पाणी जमिनीवर पोहोचण्याआधीच पुष्कळसे वाऱ्यावर जाते. पहाट ही सर्वांत चांगली वेळ. हवा स्थिर, ऊन नाही आणि झाडाला पुढचा दिवस काढायचा असतो. संध्याकाळही चालते, मात्र पाने रात्रभर ओली राहिली की बुरशी धरते, म्हणून पाणी बुंध्याजवळच्या मातीतच द्यावे.

रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी एकदाच खोल पाणी द्यावे, हे शहरी माणसाला पटवणे सर्वांत कठीण जाते. रोजच्या शिडकाव्याने वरची दोन इंच माती ओली होते, मुळे तेवढ्यातच घुटमळतात आणि एक दिवस पाणी चुकले की झाड मान टाकते. खोल ओल मिळाली की मुळे तिच्या मागे खाली जातात. कधी द्यावे, हे ठरवायला कोणतेही यंत्र नको. बोटाचे दोन पेर मातीत खुपसावे. ओलावा लागला तर त्या दिवशी पाणी नको. हिरवळीवरून चालून पाहावे. दबलेले गवत लगेच वर आले तर त्याला तहान नाही, पावलांचे ठसे तसेच राहिले तर आहे. मोठ्या झाडाचे आळे बुंध्याला चिकटून करू नये. फांद्यांचा घेर जेथे संपतो तेथवर बांगडीसारखे गोल आळे काढावे आणि बुंध्याभोवतीची माती कोरडी ठेवावी. पाच-सात वर्षांच्या कडुनिंबाला पाणी घालत बसणे म्हणजे कमावत्या मुलाला खाऊचे पैसे देण्यासारखे आहे.

वैशाखात शिवपिंडीवर गलंतिका टांगण्याची प्रथा आहे. तांब्याच्या पात्रातून थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहते. म्हणून ठिबक सिंचन आपल्याच पूर्वजांनी शोधून काढले, असा दावा करण्याचे कारण नाही. आधुनिक ठिबकाचे तंत्र इस्राएलमध्ये सिम्का ब्लास या अभियंत्याने सिद्ध केले आणि १९६५ मध्ये नेगेव्हच्या वाळवंटातील एका किबुत्झने त्याचा उद्योग उभारला. महाराष्ट्रात ते घरोघर पोहोचविण्यात जळगावच्या जैन उद्योगसमूहाचा आणि त्याची शास्त्रीय बाजू शेतकऱ्यांना समजावून देण्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ नगरहून तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. डाळिंबाचा शेतकरी आज कोणत्या झाडाला किती लिटर द्यायचे, ते हवामान पाहून ठरवितो. त्याच्याच शहरातील नातेवाईक मात्र नळी सोडून झोपतो, याला काय म्हणावे?

तीस कुंड्यांची बाग असेल, तर जाड मुख्य नळी, तिच्यातून निघणाऱ्या बारीक नळ्या आणि प्रत्येक कुंडीत तासाला दोन लिटर पाणी देणारा एक ड्रिपर, एवढा संच पुरतो. अर्धा तास चालविला की प्रत्येक कुंडीला एक लिटर, सगळे मिळून तीस लिटर. म्हणजे दोन बादल्या. नळीने तेवढ्याच कुंड्या भिजवायला याच्या चौपट पाणी सहज जाते. नगर परिसरातील बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्यातील क्षारांनी ड्रिपरची तोंडे बुजतात. त्यासाठी सुरुवातीला गाळणी बसवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी ड्रिपर काढून व्हिनेगरमध्ये भिजवून धुवावेत. आपोआप चालू-बंद होणारी घड्याळेही आता बाजारात मिळतात. ती सोयीची आहेत. पण भर पावसात इमानेइतबारे पाणी सोडणारे घड्याळही पाहावयास मिळते. यंत्राला आभाळ दिसत नाही, त्यामुळे मृगानंतर ते बंद करणे माणसालाच आठवावे लागते.

एवढाही खर्च करायचा नसेल तर कुंभाराकडून कच्च्या भाजणीचे, रंग न दिलेले मडके आणावे आणि गळ्यापर्यंत मातीत पुरावे. पाणी भरून वर झाकण ठेवले की मडक्याच्या अंगातून ते पाझरत राहते. भोवतालची माती कोरडी झाली की ती अधिक पाणी ओढते, ओली असली की कमी. चीनमधील दोन हजार वर्षांपूर्वीच्या कृषिग्रंथात ही पद्धत सांगितलेली आहे आणि आपल्याकडे दुष्काळी भागात रोपे जगविण्यासाठी ती आजही वापरतात. भोपळा, दोडका, कारली यांचे वेल अशा मडक्याभोवती उत्तम येतात. आठवडा-पंधरा दिवस गावाला जाणाऱ्या कुटुंबाला तर ही मोठीच सोय आहे.

आणि आच्छादन! ऊन मातीवर थेट पडू न देणे हा पाणी वाचविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. वाळलेली पाने, गवताचे कातरण, नारळाच्या शेंड्या यांचा तीन-चार बोटे थर झाडाखाली पसरला की ओल टिकते, तण कमी होते आणि थर कुजून खत होते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात उसाचे पाचट तर पैशाला पासरी आहे. तरीही वसाहतींतील माळी रोज पाने गोळा करून पेटवून देतो आणि घरमालक बाजारातून कोकोपीटच्या विटा विकत आणतो.

जुन्या वाड्यांत मोरीचे पाणी परसात सोडलेले असे. त्यावर केळ, अळू, कर्दळ डोलत असत. हळदीकुंकवाला केळीचे पान आणि श्रावणात अळूचे फदफदे घरचेच. आज ते जसेच्या तसे करता येत नाही, कारण मोरीत आता शिकेकाईऐवजी डिटर्जंट जातो आणि त्यातील सोडियम मातीला घट्ट करतो. कपड्यांच्या साबणाचे पाणी बागेत नकोच. परंतु भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी, वातानुकूलन यंत्राचे गळणारे पाणी, न्हाणीघरातील सौम्य साबणाचे पाणी केळी-कर्दळीला खुशाल द्यावे. शुद्धीकरण यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर टाकून देते. त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. कुंडीत ते रोज ओतले तर माती पांढरी पडते. ते फरशी पुसायला आणि शौचालयात वापरावे.

‘पाणी आमच्या बोअरचे आहे’

या सगळ्यावर एक ठरलेले उत्तर येते. महापालिकेचे पाणी आम्ही बागेला घालतच नाही. आमची स्वतःची बोअर आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली प्रत्येकाच्या प्लॉटपुरते वेगळे तळे नसते. पाणी खडकाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असते. त्या भेगा कुंपण ओळखत नाहीत. एकाने दोनशे फुटांवरून उपसा वाढविला की शेजाऱ्याची आटते, मग तो चारशे फूट जातो. महाराष्ट्र भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम, २००९ हा कायदा याच अनागोंदीसाठी झाला. पण प्रत्येक बंगल्याच्या मागच्या बाजूला पोलीस उभा करता येत नाही.

ते कसे करावे, हे पाहण्यासाठी नगरकरांना दूर जावे लागत नाही. शहरापासून सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९८९-९० पासून या गावाने डोंगरावर चर खणले, झाडे लावली, पाणी अडविले. ही कथा सर्वश्रुत आहे आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्रीही जाहीर झाली. अधिक महत्त्वाची आहे ती त्यानंतरची शिस्त. पाणी आल्यावर गावाने ते वाटेल तसे वापरले नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखे तहानलेले पीक घ्यायचे नाही, हे ग्रामसभेने ठरविले आणि पाळले. दरवर्षी पडलेला पाऊस मोजायचा, प्रथम माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे, असा पाण्याचा ताळेबंद तेथे मांडला जातो. शाळेतली मुलेही त्याचा हिशेब सांगतात. पाऊस सगळीकडे तेवढाच पडतो, त्याची वही मात्र सगळे ठेवत नाहीत.

आणखी एक आक्षेप उसाचा. जिल्ह्यातील पाण्याचा सिंहाचा वाटा उसाला जातो, मग चार कुंड्यांचे पाणी वाचवून काय साधणार? आक्षेपात तथ्य आहे. उसाच्या एका एकराला लागणारे पाणी आणि एका बंगल्याची बाग यांची तुलनाच होऊ शकत नाही आणि पाटपाण्यावर मोकाट ऊस घेण्याला आळा बसलाच पाहिजे. परंतु उसातून शेतकऱ्याची चूल पेटते; हिरवळीतून काय पिकते? शिवाय शहराला मिळणारे पाणी उसाच्या शेतात जात नाही. ते शहरातच कमी-जास्त होते. उंचावरच्या वसाहतीत रबरी नळी चालू असते, तेव्हा त्याच जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गल्लीतील नळ करंगळीएवढी धार धरतो. त्या गल्लीत राहणारी बाई सकाळी त्याच बंगल्यात धुणीभांडी करायला येते. आपल्या घरी न आलेले पाणी तिला मालकिणीच्या अंगणात दिसते. ती काही बोलत नाही.

२०२४ मध्ये जिल्ह्याला आणि शहराला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. जामखेड तालुक्यातील चोंडीच्या या कन्येने देशभर विहिरी, बारवा, घाट बांधले, ते वाटसरूच्या तहानेसाठी. तिच्या नावाच्या शहरात छपरावरचे पाणी गटारात जावे, हे बरे दिसत नाही. हजार चौरस फुटांच्या छपरावर नगरचा साधारण पाऊस पडला तर गळती, बाष्पीभवन वजा जाता चाळीस हजार लिटर पाणी हाती येते. त्यातले थोडे टाकीत साठवावे, बाकीचे गाळून बोअरभोवतालच्या शोषखड्ड्यात मुरवावे. नव्या बांधकामांना नियमाने ही व्यवस्था करावीच लागते. ती नकाशात असते, मंजुरीच्या दिवशी जागेवर असते आणि पुढच्या पावसाळ्यात तिचा पाइप तुटलेला असतो.

राज्यातील अनेक महापालिका-नगरपालिकांत घरगुती जोडणीची पाणीपट्टी आजही वर्षाला ठोक रकमेने घेतली जाते. पाचशे लिटर वापरणारा आणि पाच हजार वापरणारा तेवढेच भरतो. मीटर बसविण्याचा विषय निघाला की सर्वपक्षीय विरोध होतो. गरिबांवर बोजा पडेल, हे त्याचे कारण सांगितले जाते. वास्तविक ठरावीक पाणी अल्प दरात ठेवून त्यापुढच्या वापराला चढा दर लावला, तर गरिबाचे काही बिघडत नाही. बिघडते ते हिरवळवाल्याचे. तोवर वसाहतींच्या रहिवासी संघांनी स्वतःपुरते करण्यासारखे पुष्कळ आहे. कोजागरीला सारे एकत्र जमतातच. पाऊस तेव्हा सरत आलेला असतो. दुधाचे पेले हाती येईपर्यंतच्या अर्ध्या तासात यंदा किती मिलिमीटर झाला, बोअरची पातळी कोठे आहे आणि फाल्गुनानंतर कोणाच्या अंगणात किती पाणी जाईल, हे कागदावर मांडता येते. पर्जन्यमापक काही फार महाग नसतो. एखाद्या शिक्षकाच्या गच्चीवर तो बसविला आणि नोंद ठेवण्याचे काम वसाहतीतील शाळकरी मुलांकडे दिले, तर येत्या ज्येष्ठापासूनच सुरुवात होऊ शकते.